एका बैलाला सहा मुलं

नागपूरच्या धंतोलीत एक मत इतकं मुरलं आहे की त्याला कोणी मत म्हणतच नाही, व्यवहारज्ञान म्हणतात. आठवी-नववीच्या मुलाला शिल्पकलेची हौस असेल तर त्याला क्लास लावावा, स्वतंत्र टेबल आणि वीतभर मातीचा गोळा द्यावा, आणि त्यानं एखादा गणपती किंवा बुद्धाचा चेहरा करून घरी आणावा. इथपर्यंत सगळं ठीक. पण सहा मुलांचा गट करायचा, त्यांना मिळून एकच मोठा बैल करायला लावायचा आणि त्यात महिना-दीड महिना घालवायचा? छे! एका बैलाला सहा मुलं कशाला लागतात?

हा प्रश्न अडाणी माणसांचा नाही. दवाखान्यांची इतकी दाटी की गाड्या लावण्याचा वाद हायकोर्टापर्यंत गेला, त्या वस्तीतून तो येतो. १९२८ पासून इथे रामकृष्ण मठ आहे, टिळक पत्रकार भवन आहे, संध्याकाळी बागेत फेऱ्या मारताना शिक्षणावर अधिकारवाणीनं बोलणारी शिकली-सवरलेली मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं शाळा मुकाट्यानं ऐकून घेतात. म्हणूनच त्याचा समाचार घेणं भाग आहे.

त्यांचा युक्तिवाद त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला तर तो असा होतो. कला ही एकट्याची साधना असते. गर्दीत जत्रा होते, कलाकृती होत नाही. गटात एक हुशार मूल राबतं, बाकीचे हात मळवून घेतात आणि शेवटी गुण सगळ्यांना सारखे. शिल्प पूर्ण झालं तरी ते कोणाच्याच घरी जात नाही, म्हणजे मुलानं काय केलं हे दाखवायला हातात काही उरत नाही. हे वय डॉक्टर-इंजिनियर होण्याच्या तयारीचं आहे, चिखलात खेळण्याचं नाही. आणि शेवटचं कलम, जे पालकसभेत कोणी उच्चारत नाही पण सगळ्यांना ठाऊक असतं: बांबू, माती, आरडाओरडा, रस्त्यावर गोळा होणारे पोट्टे, हे सगळं महाल-इतवारीचं. आपल्याकडचं नाही.

पहिल्या कलमापासून सुरुवात करू. एकट्याच्या साधनेचा पुरावा म्हणून हमखास पुढे केला जातो तो फ्लॉरेन्सचा डेव्हिड. पाच मीटरहून उंच संगमरवर, एक माणूस, एक छिन्नी. वस्तुस्थिती अशी की तो दगड १४६४ मध्ये आगोस्तिनो दि दुच्चो या शिल्पकारानं कोरायला घेऊन अर्धवट सोडला होता, नंतर रोसेलिनोनं त्यावर हात चालवला, आणि तो बिघडलेला दगड कित्येक वर्षं आवारात पडून राहिल्यावर १५०१ मध्ये मायकेलअँजेलोच्या वाट्याला आला. म्हणजे आधीच्या दोघांनी कोरल्यावर दगडात जे उरलं त्यातच त्याला आपला पुतळा शोधावा लागला. १५०४ मध्ये तो पूर्ण झाल्यावर कार्यशाळेतून चौकात न्यायला चाळीसेक माणसं आणि चार दिवस लागले. रोदँची गोष्ट तर आणखी उघड आहे. त्याचं खरं काम मातीतलं. त्याचे संगमरवरी पुतळे प्रामुख्यानं त्याच्याकडच्या कारागिरांनी कोरले, मोठे आकार वाढवून देणारा माणूस वेगळा होता, कामील क्लोदेल आणि बूर्देल यांच्यासारखे पुढे स्वतः नावाजलेले शिल्पकार त्याच्या कार्यशाळेत राबले. पाटीवर नाव मात्र एकट्याचं. पाटी वाचायची आणि कार्यशाळा विसरायची, या सवयीतूनच 'एकट्याच्या साधने'ची दंतकथा उभी राहते.

युरोप दूरचा वाटत असेल तर मुंबईला यावं. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरचे प्राणी, पक्षी, पानं-फुलं यांचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. विद्यार्थ्यांनी! शिकत असतानाच, मिळून, एका खऱ्याखुऱ्या इमारतीवर. त्यातलं कोणतं माकड कोणाचं हे आज कोणाला ठाऊक नाही, आणि त्या इमारतीला जागतिक वारसा ठरवताना युनेस्कोनंही ते विचारलं नाही. शिल्पकार वि. पां. करमरकरांचं घर सासवण्याचं, वडील गणपतीच्या मूर्ती करणारे. पोराचं पहिलं शिक्षण झालं ते घरच्या मातीकामात. पुढे त्यांनी केलेला पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी ब्राँझमध्ये ओतला गेला. तप्त धातूचं असं ओतकाम एका माणसाला करता येतं असं ज्याला वाटतं त्यानं कुठल्याही भट्टीवर अर्धा दिवस उभं राहावं. वेरूळचं कैलास लेणं खोदताना दीड ते दोन लाख टन खडक काढला गेला असा अंदाज आहे. तोही एकट्याच्या साधनेनं निघाला असावा काय? आणि राम सुतारांनी घडवलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा? सुतारांच्या हातात त्याचा नमुना होता. तो उभा राहिला तो अभियंत्यांच्या, ओतकाम करणाऱ्यांच्या, जोडारींच्या आणि मजुरांच्या फौजेमुळे.

थोडक्यात, कवितेबद्दल किंवा जलरंगाबद्दल एकांताचा आग्रह धरला तर एक वेळ समजता येईल. शिल्पाबद्दल तो धरणाऱ्यानं माती उचलून पाहिलेली नसते. एक घनफूट ओली माती साधारण पन्नास किलो भरते, म्हणजे आठवीतल्या मुलाच्या वजनाइतकी. दोन-अडीच फुटांचा बसलेला बैल करायचा तर तीन-चार घनफूट माती सहज लागते. दीड-दोनशे किलो! ती कुटायची, भिजवायची, खडे वेचायचे, मळायची, सांगाड्यावर चढवायची. हे सगळं एकट्या मुलाकडून होत नाही म्हणून क्लासवाले त्याच्या हातात वीतभर गोळा देतात. मग ते मूल दोन वर्षं वीतभरच करत राहतं, आणि आपण शिल्पकला शिकलो अशी त्याची समजूत होते. तोल म्हणजे काय, भार कुठून कुठे उतरतो, मान पुढे काढली की मागचा पाय का रुततो, यातलं काहीही वीतभर गोळ्यात कळत नाही, कारण इतका छोटा गोळा पडतच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शिल्पाला मागची बाजू असते. कागदावर बैल काढणाऱ्याला ती चिंता नसते. समोर उभं राहून खांदा भरणाऱ्या मुलाला त्याच क्षणी पाठ कुठे बुडाली ते दिसत नाही. पलीकडे उभ्या असलेल्या मुलीला दिसतं. ती ओरडते, "अरे थांब, तुझा खांदा वाढतोय पण इकडून याला कुबड आलंय." दोघं जागा बदलतात, भांडतात, ओळंबा सोडतात, कॅलिपर लावतात आणि मग मान्य करतात. एकट्या शिल्पकाराला हे करायला फिरता पाट आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. चौदा वर्षांच्या मुलांना एकमेकांचे डोळे पुरतात. शिल्प चारी बाजूंनी बघायला शिकवण्याचा याहून स्वस्त आणि पक्का उपाय धंतोलीतल्या कुठल्या क्लासकडे असेल तर त्यांनी तो जरूर सांगावा.

आता दुसरं कलम: एक राबतो, बाकीचे बसतात. हा आक्षेप खोटा नाही. फ्रान्समधला शेतकी अभियंता रिंगेलमान यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून तो मोजूनच ठेवला आहे. आठ जण मिळून ओढायला लागले की दर माणशी जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येतो. पालकसभेत हा आकडा कोणाला ठाऊक नसला तरी भावना हीच असते. गंमत अशी की याच विषयावरचं पुढचं संशोधन कोणी वाचत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम्स, हार्किन्स आणि लाटाने यांनी १९८१ मध्ये दाखवलं की कोणी किती जोर लावला हे वेगळं कळणार आहे, असं सांगितलं की माणसं गटातही अंग चोरत नाहीत. एलियट अ‍ॅरन्सननं १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत प्रत्येक मुलाला धड्याचा वेगळा तुकडा दिला. त्याच्या तुकड्यावाचून बाकीच्यांचा धडा पुरा होईना, तेव्हा कालपर्यंत कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाचं ऐकून घेणं वर्गाला भाग पडलं. दोष गटाचा नसतो, गट कसा बांधला त्याचा असतो. सहा मुलांना एका ढिगाभोवती उभं करून "करा काहीतरी" म्हणणाऱ्या शिक्षकाचं माप गटपद्धतीच्या पदरात का घालायचं?

नीट बांधलेला गट कसा चालतो ते बघण्याचे कष्ट टीकाकार घेत नाहीत, म्हणून इथे सांगायला हवं. सुरुवात एकेकट्यानंच होते. प्रत्येक मूल आपापला वीतभर नमुना करतं. सहा नमुने पाटावर मांडले जातात आणि प्रत्येकानं आपली बाजू मांडायची असते: माझा बैल उठू पाहतोय, तुझा नुसता बसलाय. मग निवड होते, बहुधा एकाची बैठक आणि दुसऱ्याची मान. निवडलेला नमुना किती पट वाढवायचा हे ठरलं की गणित येतं, आणि ते वहीतलं नसतं. चुकलं तर सळई आखूड पडते. सळई-तारेचा सांगाडा बांधायचा, माती घसरू नये म्हणून तारेला लाकडाच्या छोट्या फुल्या लटकवायच्या, थरावर थर चढवायचे. रोज जाताना ओली फडकी गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद बांधायचा. ती पाळी कोणाची हे फळ्यावर लिहिलेलं असतं. शनिवारी पाळी चुकली की सोमवारी बैलाच्या पाठीला तडा जातो आणि तो कोणामुळे गेला हे सहाही जणांना माहीत असतं. कुठल्या परीक्षेत चुकारपणा इतका चटकन आणि इतका उघड पकडला जातो?

पुढे साचा. मातीत पत्र्याच्या पट्ट्या खोचून भाग पाडायचे आणि प्लास्टर चढवायचं. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट व्हायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि तेवढ्यात एकानं भुकटी पाण्यात सोडायची, दुसऱ्यानं ढवळायचं, दोघांनी भराभर लावायचं, दोघांनी पट्ट्या धरायच्या. इथे रिकामा बसलेला सहावा शोधून दाखवावा! काथ्या घालून ओतकाम, मग साचा फोडणं. दर टप्प्याला कामं बदलतात, त्यामुळे सांगाड्याशिवाय कशालाच हात लावला नाही असं कोणी उरत नाही. आणि गुण? प्रत्येकाचा नमुना आहे, प्रत्येकाची वही आहे, आणि शेवटी प्रत्येकाला तोंडी प्रश्न आहेत. सगळ्यांना सारखे गुण द्या असं कोणत्या शहाण्यानं सांगितलं?

या वयाचं आणखी एक दुखणं एकेकट्याच्या क्लासला बरं करता येत नाही. कलाशिक्षणाचा अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यानं १९४७ च्या आपल्या ग्रंथात ते नोंदवलं. बारा-तेराव्या वर्षापर्यंत बिनधास्त चित्र काढणारं मूल एकाएकी स्वतःच्या कामाकडे परीक्षकाच्या नजरेनं बघायला लागतं, ते खऱ्यासारखं दिसत नाही म्हणून खजील होतं आणि कायमचं हात आखडतं. घराघरांतून ऐकू येणारं "मला नाही चित्रकला जमत" हे वाक्य बहुतेकदा याच वयाचं असतं. स्वतंत्र टेबलावर, शेजारच्याचा सुबक गणपती बघत बसलेल्या मुलाला ही खंत दुप्पट होते. सहा जणांच्या बैलात मात्र चेहरा न जमणाऱ्याला सांगाडा जमतो, सांगाडा न जमणारीला पृष्ठभागाचा पोत दिसतो, आणि तिसऱ्याला साच्याचे भाग कुठे पाडायचे ते आधी कळतं. यांना कलेबाहेर काढून फक्त सुबक हातांची मुलं ठेवायची असतील तर तसं सरळ म्हणावं. त्याला गुणवत्ता म्हणू नये.

तिसरं कलम वाचून तर हसूच येतं. शिल्प कोणाच्या घरी जाणार? धंतोलीच्या फ्लॅटमध्ये एवढा बैल ठेवायला जागा तरी कुठे आहे? पण प्रश्न जागेचा नाहीच, प्रश्न दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवण्याच्या वस्तूचा आहे. मुलाच्या शिक्षणातून शोकेससाठी काहीतरी निघालंच पाहिजे, ही अपेक्षा कधीपासून शैक्षणिक झाली? शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९३० च्या दशकात नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांच्यासोबत विद्यार्थ्यांनी मातीच्या भिंतींवर उठावशिल्पं करून, वर डांबर चढवून एक घर उभं केलं. त्याला 'कालो बाडी', काळं घर म्हणतात. त्यातली एकही भिंत कोणी घरी नेली नाही. ते घर विद्यार्थ्यांच्या वसतीची जागा झालं. गटानं केलेल्या शिल्पाची जागा शाळेच्या आवारात आहे, बागेत आहे, रस्त्याच्या वळणावर आहे. मोठं शिल्प मुळात चारचौघांच्या जागेसाठीच असतं.

चौथ्या कलमाला, वेळ आणि उपयोगाच्या कलमाला, धंतोलीत देवासारखा मान आहे. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण; त्यात मातीचा प्रश्न नाही. बरोबर. मग ही परीक्षा देऊन मूल ज्या ऑपरेशन थिएटरमध्ये पोचावं असं वाटतं, तिथे डोकवावं. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, सहायक, परिचारिका, सगळे एका शरीराभोवती उभे. प्रत्येकाला वेगळी बाजू दिसते, प्रत्येकाचं काम वेगळं आणि एकाच्या चुकीची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. ज्या वस्तीची रोजची भाकर अशा सहा हातांच्या मेळावर चालते, तीच वस्ती आपल्या मुलांना सांगते की सहा जणांनी मिळून हातानं काही करणं हा वेळेचा अपव्यय आहे! लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शल्यचिकित्सेचं शिक्षण हा विषय शिकवणारे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे तक्रार केली होती की गुणांनी उत्तम असलेल्या नव्या विद्यार्थ्यांच्या हातात कसब राहिलेलं नाही. कापणं, शिवणं, घडवणं असलं काही त्यांनी लहानपणी केलेलंच नसतं, म्हणून टाके घालताना त्यांचे हात अडखळतात. हे एखाद्या मातीवेड्या चित्रकला शिक्षकाचं बोलणं नाही, सर्जन घडवणाऱ्याचं आहे. धंतोलीनं ते तरी ऐकावं.

इथे काही जण घाईनं म्हणतील की राज्यात चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आहेतच, मुलं त्या देतात, आणखी काय हवं? त्या परीक्षांत वस्तुचित्र आहे, स्थिरचित्र आहे, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. माती नाही. घनाकृतीची ओळख होते ती कागदावर काढलेल्या घनभूमितीत. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली की दहावीला ७ गुण जादा, ब आली तर ५, क आली तर ३. या गुणांसाठी सुट्टीच्या दिवसांत जी धावपळ चालते तिला कलेचं प्रेम म्हणायची पद्धत आहे. नववी-दहावीत 'स्व-विकास व कलारसास्वाद' नावाचा श्रेणी विषयही आहे. म्हणजे शिल्पाचा आस्वाद पुस्तकातून घ्यायचा आणि हात स्वच्छ ठेवायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभरावर पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेला कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. अशा निदेशकाला आठवड्यात दोन तासिका, चाळीस मुलं आणि रिकामं कपाट देऊन त्यानं प्रत्येकाला स्वतंत्र शिकवावं असं म्हणणाऱ्यानं एकदा भागाकार करून पाहावा. चाळीस मुलांना सात गटांत शिकवता येतं. चाळीस टेबलांवर कोणालाच शिकवता येत नाही.

हा विचार विदर्भाला परका आहे असंही नाही. नागपूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली. हातानं, मिळून, उपयोगाचं काही घडवत शिकणं हा तिचा गाभा. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार-कुंभकार देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि तिथल्या मुलांमध्ये कलाशिक्षक म्हणून राहिले. कला हा शिक्षणाचा एक कोपरा नसून पाया आहे हे त्यांनी त्या अनुभवावरून मांडलं. पुढे तशीच गोष्ट 'प्रकल्पाधारित शिक्षण' या चकचकीत नावानं बाहेरून आली, तेव्हा मात्र ती इंटरनॅशनल शाळांच्या माहितीपत्रकात अभिमानानं छापली गेली. सेवाग्रामची माती चालत नाही, बाहेरून आलेली चालते!

राहिलं पाचवं कलम, न बोललेलं. धंतोलीपासून दोन-तीन किलोमीटरवर महालातली चितार ओळ आहे. गणपतीच्या आधीचे दिवस तिथे घरंच्या घरं मूर्तींत गुंतलेली असतात. कोणी माती मळतो, कोणी अंग भरतो, कोणी फक्त डोळे काढतो, आणि शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून कामाला लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शहरात मारबती नावाचे मोठे पुतळे मिरवत निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची असं सांगितलं जातं. त्यांच्यासोबत निघतात बडगे. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, कापड, वर रंगवलेला चेहरा. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्याचा राग आला त्याचा बडग्या. इतवारी-महालातल्या गल्ल्यांत ते करणाऱ्यांत शाळकरी पोट्टेही असतात. विषय ते ठरवतात, व्यंग कशात आहे ते ठरवतात, दहा-पंधरा फुटांचं धूड गर्दीतून नेताना मोडू नये म्हणून बांबू कुठे दुहेरी बांधायचा तेही ठरवतात. संध्याकाळी ते जाळून टाकतात. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही, घरी न्यायला वस्तू नाही. किशोरवयीन मुलांनी एकत्र येऊन शिल्प करणं शक्य आहे का, याचं उत्तर या शहरात एकशेचाळीस वर्षांपासून दर श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावर रस्त्यावरून मिरवत जातं.

आणि तरीही धंतोलीत प्रश्न विचारला जातो की असं काही चालतं का! चालतं, फक्त ते करणाऱ्यांचे आडनाव-पत्ते वेगळे असल्यामुळे त्याला कला म्हणण्याची तयारी नाही. बार्सिलोनाच्या उत्सवातले राक्षसी पुतळे पाहायला तिकीट काढून जायचं, त्यांचे फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकायचे, आणि बडग्याच्या दिवशी मात्र वाहतूक कोंडी टाळायला वेगळा रस्ता पकडायचा. गटशिल्पाला होणारा विरोध शिक्षणशास्त्रातून आला असता तर त्यानं कधीतरी शिक्षणशास्त्राचं बोट धरलं असतं. तो आला आहे चिखलाच्या किळसेतून, गुणांच्या हिशेबातून आणि आपली मुलं त्या मुलांसारखी दिसतील या धास्तीतून. एकांत, साधना, प्रतिभा हे शब्द त्यावर नंतर चढवलेले आहेत.

तेव्हा मागणी अर्धीमुर्धी नको. हौशी शनिवारी तासभर 'अ‍ॅक्टिव्हिटी' नको आणि वार्षिक स्नेहसंमेलनापुरतं सजावटीचं काम नको. आठवी आणि नववीला आठवड्यातल्या सलग दोन तासिका, आवारात पत्र्याची एक शेड, पाण्याचा नळ, ट्रकभर माती, आणि सहा-सहा मुलांचे गट, ज्यांत मुलं-मुली, सुबक हातांची आणि धसमुसळी, सगळी मिसळलेली असतील. राज्याच्या चित्रकला परीक्षांत मातीकामाचा पेपर हवा आणि त्यातला एक भाग गटाचा हवा, प्रत्येकाच्या नमुन्यासह आणि तोंडी परीक्षेसह. चितार ओळीतल्या मूर्तिकाराला त्या शेडमध्ये मानधन देऊन शिकवायला बोलवायला हवं, पाहुणा म्हणून नारळ द्यायला नव्हे. आणि ज्या पालकांना अजूनही शंका आहे त्यांनी शिल्प पुरं झालं की जरूर यावं, सहापैकी कुठल्याही मुलाला बाजूला घ्यावं आणि विचारावं की सळई इथेच का वाकवली, मान दोनदा का तोडली, साचा सहाच भागांत का पाडला. त्याला सांगता आलं नाही तर शिक्षकाला जाब विचारावा, हवं तर शिक्षक बदलावा. गटाला हात लावू नये.